साधनाची आठवण : संगीतनिर्मितीची सॉफ्टवेअर्स आणि आपल्या कामाची रीत

विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस संगीताच्या सॉफ्टवेअरवर काय बोलणार? तर साधन आणि ते वापरणारा माणूस यांचं नातं हा तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आहे, आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत हे नातं संगीताच्या क्षेत्रात फार स्पष्टपणे पाहायला मिळालं. म्हणून हे धाडस.

घरच्या खोलीत बसून गाणी ध्वनिमुद्रित करणारी, चाली बांधणारी मुलंमुली आज गावोगाव आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यातलं सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कुठलं? प्रो टूल्स, क्युबेस, लॉजिक, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, रीपर, यादी मोठी आहे. प्रत्येकाचे भक्तही आहेत आणि निंदकही. मला असं वाटतं, की हा प्रश्न थोडा फिरवून विचारायला हवा. यातलं प्रत्येक सॉफ्टवेअर कुणाच्या तरी, कुठल्या तरी एका प्रकारच्या कामातून जन्माला आलेलं आहे. त्या कामाची आठवण त्याच्या अंगात मुरलेली आहे. माझं काम त्या कामाशी किती जुळतं, हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर जाहिरातीत सापडत नाही, इतिहासात सापडतं. म्हणून आज इतिहास.

सुरुवात संगणकापासून नाही, टेपपासून करू. अमेरिकेत लेस पॉल नावाचे एक गिटारवादक होते. एकाच माणसाने अनेक भाग वाजवायचे आणि ते एकमेकांवर चढवायचे, असा त्यांचा ध्यास. त्यांच्यासाठी अँपेक्स कंपनीने आठ ट्रॅकचं टेपयंत्र बनवलं. ते १९५७ साली त्यांच्या हाती आलं. म्हणजे एकाच फितीवर शेजारी शेजारी आठ पट्ट्या, आणि प्रत्येकीवर वेगळा आवाज. पण सगळ्यांकडे एवढं कुठलं असायला! बीटल्सचा १९६७ सालचा 'सार्जंट पेपर्स' हा गाजलेला संग्रह चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला. चार पट्ट्या भरल्या, की त्या एकत्र करून दुसऱ्या फितीवर उतरवायच्या आणि पुढच्या पट्ट्या मोकळ्या करून घ्यायच्या. एकदा एकत्र केलं की मागे फिरणं नाही. चुकीची जागा काढायची तर फीत ब्लेडने तिरकी कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची.

ही रीत डोळ्यांसमोर ठेवा : माणूस माइकसमोर गातो किंवा वाजवतो, यंत्र ते पकडतं, मग दुसरा माणूस कापतो, जोडतो, आवाज कमीजास्त करतो. कॅलिफोर्नियात पीटर गॉचर आणि इव्हान ब्रूक्स या दोन मित्रांनी ड्रम मशीनसाठी आवाजांच्या चिप बनवण्यापासून धंदा सुरू केला होता. त्यांच्या डिजिडिझाइन कंपनीने १९८९ मध्ये 'साउंड टूल्स' आणलं, आणि १९९१ मध्ये 'प्रो टूल्स'. पहिल्या प्रो टूल्समध्ये ट्रॅक होते फक्त चार. त्याच्या मुख्य खिडक्या दोन. एक संपादनाची, म्हणजे टेप. दुसरी मिश्रणाची, म्हणजे स्टुडिओतलं कन्सोल. फरक एकच, पण तो फार मोठा : इथे कापलेलं परत जोडता येतं, मूळ ध्वनीला धक्का लागत नाही. ब्लेड गेलं, ब्लेडची भीतीही गेली. रिकी मार्टिनचं 'लिव्हिन ला विदा लोका' १९९९ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. संपूर्णपणे प्रो टूल्समध्ये मुद्रित, संपादित आणि मिश्रित होऊन त्या जागी पोहोचलेलं पहिलं गाणं म्हणून त्याचा उल्लेख होतो. हे पहिलं घराणं. याला आपण टेपचं घराणं म्हणू.

दुसरं घराणं पूर्ण वेगळ्या गरजेतून आलं. १९८०च्या सुमाराला वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांशी बोलत नसत. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, आणि १९८३च्या जानेवारीत दोन कंपन्यांची वाद्यं एका तारेने जोडून दाखवण्यात आली. हीच 'मिडी' पद्धत. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. कुठली पट्टी, किती जोरात आणि किती वेळ दाबली, एवढी सूचना जाते. म्हणजे ती ध्वनिमुद्रण नव्हे, स्वरलिपी आहे. आणि लिपी म्हटली की ती खोडता येते, बदलता येते, दुसऱ्या वाद्याला देता येते.

१९८५ साली आलेल्या अटारी एसटी या स्वस्त संगणकात मिडीची तार लावायची जागा मुळातच होती. त्यामुळे जर्मनीत या संगणकाभोवती एक अख्खी पिढी उभी राहिली. हॅम्बुर्गमध्ये कार्ल स्टाइनबर्ग आणि मानफ्रेड र्‍यूरुप यांच्या कंपनीने १९८९ मध्ये 'क्युबेस' आणलं. वाद्यं वरून खाली, काळ डावीकडून उजवीकडे, आणि संगीताचे तुकडे रंगीत ठोकळ्यांसारखे उचलून ठेवायचे. आज ही मांडणी इतकी सवयीची झालीय की ती कुणाला तरी सुचावी लागली होती हेच आपण विसरतो. त्याच देशात सी-लॅबचं 'नोटेटर' होतं. त्यात पाश्चात्त्य स्वरलिपी छान दिसायची. ते बनवणाऱ्या मंडळींनी पुढे इमॅजिक कंपनी काढली, त्यातून १९९३ मध्ये 'लॉजिक' आलं, आणि २००२ मध्ये अ‍ॅपलने ती कंपनी विकत घेतली. हे लिपीचं घराणं. ज्याच्या डोक्यात आधी वाद्यवृंद वाजतो आणि मग तो कागदावर उतरवतो, त्याचं हे घर.

आता तिसरं. रोलँडने १९८० साली टीआर-८०८ नावाचं तालयंत्र काढलं. खालच्या कडेला एका ओळीत सोळा बटणं. जे बटण दाबाल त्या जागी ठोका पडणार, सोळा संपले की पुन्हा एकपासून. मंडळी, ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं काही कारण नाही. आवर्तन म्हणजे दुसरं काय? १९९७ मध्ये बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीतल्या दिदिए दाम्ब्रॅं या प्रोग्रामरने हीच सोळा बटणं संगणकाच्या पडद्यावर आणली. नाव होतं 'फ्रूटीलूप्स'. नाव थट्टेचं वाटायचं. २००३ मध्ये ते 'एफएल स्टुडिओ' झालं. पण उघडल्यावर ठोक्यांचे चौकोन समोर येतात ते आजही. इथे काम गाण्याच्या पहिल्या ओळीपासून सुरू होत नाही, ठेक्यापासून होतं. आधी एक चक्र जमवायचं, मग दुसरं, मग ती चक्रं एकापुढे एक मांडून गाणं उभारायचं. एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट, हे धोरणही तरुणांमध्ये त्याचा प्रसार व्हायला उपयोगी पडलं. हे चक्राचं घराणं.

चौथं घराणं बर्लिनचं. गेरहार्ड बेल्स आणि रॉबर्ट हेन्के हे दोघं 'मोनोलेक' या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत सादर करत. मंचावर ऐन वेळी संगीत घडवता येईल असं साधन त्यांना हवं होतं, म्हणून ते स्वतःच्या कामापुरते प्रोग्राम लिहीत. त्यातून एबलटन कंपनी निघाली आणि २००१ मध्ये 'लाइव्ह'ची पहिली आवृत्ती आली. त्यातल्या एका पडद्यावर काळाची रेघच नाही! नुसती चौकोनांची जाळी. कुठला चौकोन कधी वाजवायचा हे कलाकार त्या क्षणी ठरवतो, आणि सॉफ्टवेअर तो लयीत बसवून देतं. लक्षात घ्या, पहिल्या तीन आवृत्त्यांत मिडीचं लेखन-संपादन नव्हतंच. ते २००४ मध्ये चौथ्या आवृत्तीत आलं. लिपीच्या घराण्याचा जो पाया, तो इथे नंतर जोडलेली खोली आहे. हे मंचाचं घराणं.

आता तुम्ही म्हणाल, सर, हा सगळा जुना इतिहास झाला. आज तर प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सगळंच असतं. बरोबर आहे. १९९६ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी ही पद्धत आणली आणि ती इतर कंपन्यांना खुली केली. त्यामुळे बाहेरच्या कुणीही बनवलेली परिणामयंत्रं, आणि पुढे वाद्यंही, सॉफ्टवेअरमध्ये बसवता येऊ लागली. मग घराणी एकमेकांत मिसळली. प्रो टूल्सने मिडी घेतलं, क्युबेसने ध्वनिमुद्रण घेतलं, लॉजिकने २०२० मध्ये लाइव्हसारखी चौकोनांची जाळीही घेतली. म्हणून अमक्याचा आवाज चांगला आणि तमक्याचा वाईट, या वादात आता फारसा दम नाही. ट्रॅकांची बेरीज शेवटी आकड्यांचीच बेरीज आहे.

पण सगळं असणं वेगळं आणि सगळं सारखंच हाताशी असणं वेगळं. घरात पाटा-वरवंटाही असतो आणि मिक्सरही असतो. ओट्यावर काय आहे त्यावर रोजची चटणी ठरते. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर यांनी १९२७ सालच्या 'सत्ता आणि काल' या अर्थाच्या ग्रंथात हातोड्याचं उदाहरण दिलंय. नीट काम चालू असताना सुताराचं लक्ष हातोड्याकडे नसतं, खिळ्याकडे असतं. हातोडा मोडला, जड झाला, सापडेनासा झाला, की मग तो 'वस्तू' म्हणून डोळ्यांसमोर येतो. माझ्या मते सॉफ्टवेअर निवडायची कसोटी यातच आहे. काम करताना जे विसरायला होतं ते तुमचं. दर पाच मिनिटांनी जे आठवण करून देतं ते दुसऱ्या कुणाचं तरी.

इथपर्यंत प्रश्न सोयीचा होता. पण आपल्या संगीतासाठी यात सोयीपेक्षा मोठं काही पणाला लागलेलं आहे. त्याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे : हार्मोनियम. बाहेरून आलेलं वाद्य, पट्ट्या ठरलेल्या, दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही. मींड नाही, आंदोलन नाही. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी होती. आक्षेप खोटा नव्हता. पण त्याच वाद्यावर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी असं काही केलं की मराठी रंगभूमीच्या संगीतातून ते वजा करता येत नाही. वाद्य काय करू शकत नाही हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्याने त्या मर्यादेला वळसा घालून संगीत वाचवलं. ज्याला ते ठाऊक नव्हतं, त्याचा गळा पट्ट्यांसारखा झाला.

सॉफ्टवेअरच्या पट्ट्या दिसत नाहीत एवढंच. नवी फाइल उघडा. बहुतेक ठिकाणी मिनिटाला १२० ठोके आणि चार-चारचे विभाग आधीच मांडून ठेवलेले असतात. कुणी सक्ती करत नाही, पण ताट वाढून ठेवलं की माणूस जेवायला बसतोच. आता विलंबित एकताल घ्या. एक मात्रा चार सेकंदांची धरली तर मिनिटाला पंधरा मात्रा होतात. लाइव्हमध्ये लय वीसच्या खाली उतरतच नाही! उपाय आहे, आणि तो आपल्या तबलजींकडूनच शिकायचा : मात्रेचे चार भाग मोजा. लय साठ ठेवा, चारचा एक विभाग म्हणजे एक मात्रा, बारा विभागांचं एक आवर्तन, तेराव्याच्या सुरुवातीला सम. केहेरवा किंवा भजनी ठेका सोळा चौकोनांत मजेत बसतो. दादऱ्याला मात्रेला चार धरले तर चोवीस लागतात, रूपकाला अठ्ठावीस. चौकोन वाढवता येतात, पण वाढवायचे आहेत हे आधी सुचावं लागतं. न सुचलेला माणूस रूपकातली चाल नकळत आठांत ओढून आणतो.

तीच गोष्ट आलापाची. टेपच्या घराण्यात खालची जाळी बंद केली की मोकळा आलाप जसाच्या तसा राहतो. लाइव्हमध्ये लांब ध्वनिमुद्रण आत घेतलं की सॉफ्टवेअर त्याची लय ओळखून त्याला जाळीत बसवू पाहतं. त्यासाठी 'वॉर्प' बंद करायचं हे माहीत हवं. आणि स्वरांचं काय? पियानोच्या पट्ट्यांच्या पडद्यावर भैरवाचा आंदोलित कोमल रिषभ एका चौकोनात मावत नाही. तो वाकवायच्या रेघेने काढावा लागतो, किंवा सरळ गाऊन मुद्रित करावा लागतो. अर्थात साधनंही हलतात. २०२४ मध्ये आलेल्या लाइव्हच्या बाराव्या आवृत्तीत बारा समान स्वरांच्या पलीकडच्या स्वरव्यवस्था वापरायची सोय आली. म्हणजे आठवण पुसली जात नसली तरी तिच्यात भर पडते.

तर मग निवड कशी करायची? मी चार प्रश्न सुचवतो. पहिला : माझं काम सुरू कुठे होतं? माइकसमोर गळ्यातून सुरू होत असेल, कीर्तन किंवा नाट्यपद मुद्रित करायचं असेल, तर टेपच्या घराण्यात जा. प्रो टूल्सच पाहिजे असं नाही. रीपर आहे, विनअँप बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेल यांनी तो २००५ च्या अखेरीस आणला, साठ दिवस वापरून पाहता येतो आणि नंतरची किंमतही माफक आहे. एकच आवाज मुद्रित करून थोडा साफ करायचा असेल तर २००० साली आलेली ऑडॅसिटी पुरते, आणि ती मोफत आहे. डोक्यात व्हायोलिनं आणि बासऱ्या एकत्र वाजत असतील तर क्युबेस किंवा लॉजिक. ठेक्यावर गाणं उभं राहत असेल तर एफएल स्टुडिओ. मंचावर ऐन वेळी घडवायचं असेल तर लाइव्ह.

दुसरा प्रश्न : दिवसातून शंभर वेळा मी काय करतो? एक दिवस शेजारी कागद ठेवा आणि रेघा मारा. कितीदा तान पुन्हा गाऊन घेतली, कितीदा श्वास कापला, कितीदा लय बदलली. जे सगळ्यात जास्त वेळा होतं ते किती क्लिकमध्ये होतं, ते पाहा. महिन्यातून एकदा लागणाऱ्या सोयीसाठी पैसे मोजू नका. आणि चाचणी घ्यायची तर नव्या गाण्यावर नको, आधी पुऱ्या झालेल्या गाण्यावर घ्या. तेच गाणं दोन सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उभं करा. गाणं तेच, माणूस तोच. मग जो फरक जाणवेल तो साधनाचा.

तिसरा : माझी फाइल आणखी कोण उघडणार? चित्रपटाच्या स्टुडिओत प्रो टूल्स असेल, मित्राकडे विंडोजचा संगणक असेल आणि लॉजिक तर फक्त अ‍ॅपलवर चालतं. काम एकट्याचं नसेल तर निवडही एकट्याची नसते.

चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही : दहा वर्षांनी हे उघडेल का? ऑपकोड कंपनीचं 'स्टुडिओ व्हिजन' १९९० साली मिडी आणि ध्वनिमुद्रण एकत्र आणणारं पहिलं सॉफ्टवेअर होतं. १९९८ मध्ये गिब्सनने ती कंपनी घेतली आणि लवकरच तो विषय संपला. २००२ मध्ये अ‍ॅपलने लॉजिक घेतल्यावर विंडोजवरच्या वापरकर्त्यांसाठी ते बंद झालं. १९८७ पासून चालत आलेल्या केकवॉकचं काम गिब्सननेच २०१७ मध्ये थांबवलं; पुढच्या वर्षी बँडलॅबने ते उचललं म्हणून वाचलं. तेव्हा कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, पण गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक पहिल्या क्षणापासून शेवटापर्यंत साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा. मिडी वेगळी ठेवा. आणि एका कागदावर लय, ताल, पट्टी लिहून ठेवा. आपल्याकडे किती मैफली फितींवर कुजून गेल्या, हे या सभागृहात सांगायला नको. कुलूपबंद फाइल ही कुजलेली फीतच, फक्त तिला वास येत नाही.

शेवटचा एक मुद्दा, आणि तो जरा उलट आहे. 'माझी कामाची रीत' असं आपण म्हणतो तेव्हा ती आधी तयार असते आणि साधन नंतर येतं, असं आपण गृहीत धरतो. खरं तर हाताला लागलेल्या पहिल्या साधनानेच ती निम्मी घडवलेली असते. ज्याने सुरुवात सोळा चौकोनांवर केली त्याला गाणं चक्रांतच सुचतं. यात वाईट काही नाही, पण हे माहीत असावं. आज पाहिलेल्या इतिहासातली माणसं आठवा. लेस पॉल यांना हवं ते यंत्र बाजारात नव्हतं. बर्लिनच्या त्या दोघांना मंचावर हवं ते सॉफ्टवेअर मिळत नव्हतं. आपलं काम त्यांना इतकं नीट कळलं होतं की हातातलं साधन कुठे अडतंय हे ते बोट ठेवून सांगू शकत होते. त्या अडण्यातूनच नवी साधनं आली.

विलंबित लयीत, मींडेत, रूपकात, अभंगाच्या ठेक्यात वाढलेला कान ज्याच्याकडे आहे, त्याला या सॉफ्टवेअर्समध्ये अडायला होणारच. अडलं की दोन वाटा असतात : आपली चाल सॉफ्टवेअरच्या मापाने कापायची, किंवा कुठे अडतंय ते लिहून ठेवायचं आणि वळसा शोधायचा. पहिली वाट सोपी आहे. दुसऱ्या वाटेने गेलेल्यांमुळेच हार्मोनियम आपली झाली. तुमच्यापैकी जे आज रात्री घरी जाऊन नवी फाइल उघडतील, त्यांनी पहिलं काम एवढंच करावं : ते १२० आणि ते चार-चार खोडावं, आणि आपल्या चालीचा ताल आणि लय स्वतःच्या हाताने लिहावी. सॉफ्टवेअर कुठलं, ते मग ठरवता येईल.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.